उजेडाची डागडुजी

पालघर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मधे एक चिंचोळी सपाट पट्टी. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचे तर या पट्टीवाचून वाट नाही. याच पट्टीतल्या चिंचणीत सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूट ताम्रपट हीच वाट दाखवतो. तिसऱ्या इंद्राच्या काळात संजाण मंडळाचा कारभार मधुमती सुगतिप या ताजिक, म्हणजे अरबी वंशाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्याने इथल्या प्रवाहांवर फुकट होड्या सुरू केल्या आणि संजाणला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी भात, कालवण आणि तुपाचे अन्नछत्र घातले, असे त्यात नोंदले आहे. पल्ला लांबचा असला की मधल्या मुक्कामांची सोय आधी बघावी लागते, हे त्या कारभाऱ्याला पक्के ठाऊक होते.

त्याच पट्टीतून १८६४ मध्ये मुंबई-अहमदाबाद रेल्वे धावू लागली, रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा गेल्या, पुढे महामार्ग झाला. आज वाणगाव स्टेशनला उतरून चिंचणीकडे निघालेल्या माणसाला रेल्वे दिसते, चिकूच्या वाड्या दिसतात, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निघणाऱ्या विजेच्या वाहिन्या दिसतात. या मुलखातून होणारी सर्वांत मोठी वाहतूक मात्र दिसत नाही. ती रुळांच्या आणि महामार्गाच्या कडेला, जमिनीखाली, प्लास्टिकच्या नळीतल्या काचेच्या तंतूंमधून चालते. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्री केबलींमधून आलेला परदेशी मजकूर गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे जातो तो बऱ्याच अंशी याच दिशेने. खांबावर लावलेल्या 'खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे, खोदू नका' अशा पाट्या तेवढ्या तिची खूण सांगतात.

या तंतूंतून उजेड जातो, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण तो दिल्लीपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण साधा हिशेब केला तर तो पोहोचायलाच नको.

दूरसंचारासाठी वापरतात ती काच माणसाने केलेल्या सर्वांत स्वच्छ पदार्थांपैकी एक आहे. दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल एवढीच तिच्यात गळती. म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावर उजेड निम्मा उरतो. हे वाचताना थोडे वाटते. पण तीस किलोमीटरवर पाव, शंभरावर शंभरावा हिस्सा, अशी ही घसरण गुणाकाराने चालते. मुंबईत एक मिलिवॅटचा लेसर लावला तर त्यातून सेकंदाला सुमारे पावणेआठ हजार लाख कोटी प्रकाशकण निघतात. हजार किलोमीटरवर, मधे कोणतीही मदत न घेता, त्यातले किती पोहोचतील? साडेतीन तासांतून सरासरी एक. आणि दिल्लीपर्यंतचे १४०० किलोमीटर धरले तर चाळीस हजार वर्षांत एक! लेसर दुप्पट केला, दसपट केला, तरी या आकड्यांना धक्का लागत नाही. दसपट शक्ती म्हणजे फक्त पन्नास किलोमीटर पुढे, त्यापलीकडे पुन्हा अंधार.

चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले होते की काचेतली भेसळ काढली तर गळती किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणता येईल, आणि तेवढ्यानेही दूरसंचार शक्य होईल. त्या वेळच्या काचेत ती हजाराच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली, पुढे दहाएक वर्षांत गळती ०.२ पर्यंत उतरली, आणि काओंना २००९ चे नोबेल मिळाले. ०.२ च्या फार खाली मात्र काच जात नाही. काचेतल्या रेणूंच्या मांडणीतच सूक्ष्म चढउतार असतात, त्यांच्यावर आदळून उजेड विखुरतो. ज्या कारणाने आकाश निळे दिसते तेच हे कारण. कितीही स्वच्छता केली तरी ते काढता येत नाही.

मग उरतो एकच मार्ग. उजेड विझत आला की मधेच त्याला पुन्हा उभा करायचा.

ही युक्ती फायबरपेक्षा खूप जुनी आहे. ओशॉनेसी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८५५ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारायंत्राने जोडले गेले, तेव्हा तारेतला विद्युतप्रवाहही वाटेत असाच क्षीण होई. मधल्या ठाण्यावर तारबाबू बसलेला असे. तो आलेला संदेश कागदावर उतरवी आणि पुढच्या तारेवर तोच संदेश ताज्या बॅटरीच्या जोरावर नव्याने पाठवी. त्याच्या पुढे गेलेला संदेश पहिल्या ठाण्यावरून निघालेल्या संदेशाइतकाच ठणठणीत असे. मात्र त्याने एखादे अक्षर चुकीचे टिपले, तर चूकही तितकीच ठणठणीत होऊन पुढे जाई. आजच्या रिजनरेटरच्या, म्हणजे वाटेत संकेत नव्याने घडवणाऱ्या यंत्राच्या, पोटात हेच सगळे आहे, फायदाही आणि धोकाही.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. क्षीण झालेला संकेत मोठा करणे वेगळे आणि तो नवा करणे वेगळे.

चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत घरोघरी डाय कोरण्याचा धंदा चालतो. दागिन्यांची नक्षी ठोकून उठवायचे पोलादी साचे इथले कारागीर हाताने कोरतात. समजा साचा झिजला आणि त्यातून उठवलेली नक्षी पुसट आली. त्या पुसट नक्षीवरून भिंगातून बघत जसाच्या तसा मोठा साचा केला, तर रेघाही मोठ्या होतील आणि ओरखडेही. पण जाणता कारागीर पुसट नमुना हातात घेऊन ठरवतो, ही पाकळीची कड आहे, हा नुसता चरा आहे. आणि कोऱ्या पोलादावर फक्त पाकळी कोरतो. पहिला प्रकार म्हणजे अॅम्प्लिफायर, दुसरा म्हणजे रिजनरेटर.

रिजनरेटरला हे जमते, कारण त्याला ओळखायची अक्षरे थोडी असतात. साध्या यंत्रणेत दोनच: उजेड आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. काचेतून जाताना उजेडाचा ठिपका नुसता मंद होत नाही, पसरतोही. लेसरच्या उजेडातल्या किंचित वेगळ्या छटा काचेत किंचित वेगळ्या वेगाने धावतात, म्हणून शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. शिवाय त्यांच्या येण्याची वेळ थरथरते. म्हणून रिजनरेटर तीन कामे करतो: संकेताला बळ देतो, त्याचा आकार पुन्हा कापून काढतो आणि त्याला वेळेच्या चौकटीत बसवतो. या तीन कामांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरावरून जगभरचे अभियंते त्याला 'थ्री-आर' म्हणतात. जुन्या पद्धतीत हे काम करण्यासाठी उजेडाची आधी वीज करावी लागे, विजेवर सगळी डागडुजी होई आणि मग दुसरा लेसर पुढचा उजेड सोडी.

भारतातली पहिली फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात, शहरातली टेलिफोन एक्सचेंज एकमेकांना जोडण्यासाठी सुरू झाली. महाराष्ट्राने ही गोष्ट अभिमानाने सांगायला हवी, पण पुण्यातही ती फार जणांना माहीत नसते. शहरातल्या शहरात पल्ला लहान, म्हणून उजेड नवा करण्याचा प्रश्न तिथे मोठा नव्हता. तो आला लांबच्या मार्गांवर. चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक रिजनरेटर धरला तर मुंबई-दिल्ली मार्गावर तीसेक ठाणी लागतात. प्रत्येक ठाण्यावर वीज, बॅटऱ्या, थंड हवा, सुटे भाग आणि रात्री-अपरात्री धावणारा माणूस. १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली टॅट-८ ही पहिली महासागरी फायबर केबलही अशाच रिजनरेटरांवर चाले. १९९४ मध्ये मुंबईला जोडलेली सी-मी-वी-२ ही त्याच पिढीतली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्या दिवसांतली ही केबल.

या पद्धतीची खरी अडचण वेगळीच होती. रिजनरेटर एका वेगाला आणि एका रंगाला बांधलेला. केबल टाकतानाच जो वेग ठरला तो आयुष्यभरासाठी ठरला. समुद्राच्या तळाशी गेलेला डबा कोण बदलणार? आणि एका तंतूतून ऐंशी वेगवेगळे रंग, म्हणजे ऐंशी स्वतंत्र संदेशप्रवाह पाठवायचे म्हटले, तर प्रत्येक ठाण्यावर ते ऐंशी सुटे करून, ऐंशी रिजनरेटरांतून काढून पुन्हा एकत्र गुंफावे लागणार. खर्चाच्या ओझ्याखाली ती कल्पनाच मोडून पडे.

सुटका केली अर्बियम या धातूने. १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्विर यांनी अर्बियम मिसळलेल्या फायबरचा अॅम्प्लिफायर करून दाखवला. काचेत अर्बियमचे अणू चिमूटभर मिसळायचे, अशा काचेचा काही मीटरांचा वेटोळा करायचा आणि त्यात ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा दुसरा लेसर सोडायचा. त्याने अर्बियमचे अणू चेतवलेल्या अवस्थेत जातात. तेवढ्यात दुरून थकून आलेला १५५० नॅनोमीटरचा उजेड तिथून जाऊ लागतो. त्याचा एक कण चेतवलेल्या अणूजवळून गेला की अणू अगदी तसाच दुसरा कण सोडतो: तोच रंग, तीच दिशा, तीच लय. एकाचे दोन, दोनाचे चार, वेटोळ्याबाहेर पडेपर्यंत शंभरपट. विजेत रूपांतर करण्याची गरज नाही. ऐंशी रंग असोत की एक, सगळे एकाच वेटोळ्यात एकदम वाढतात. वेग कितीही असो, अर्बियमला त्याचे सोयरसुतक नाही.

यात निसर्गाची केवढी मेहेरबानी आहे, हे मला दर वेळी वाचताना नव्याने जाणवते. काचेची गळती सर्वांत कमी जिथे होते तो पट्टा १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि अर्बियम नेमका त्याच पट्ट्यात उजेड वाढवतो. हे कोणी जुळवून आणलेले नाही. १९९७ मध्ये मुंबईला आलेली फ्लॅग ही इंग्लंड-जपान केबल याच अॅम्प्लिफायरांवर चालली. रिजनरेटरवाली सी-मी-वी-२ आणि अर्बियमवाली फ्लॅग, या दोन्ही पिढ्या मुंबईच्या किनाऱ्याने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने पाहिल्या.

दुसरा वाढवणारा तर आपल्या घरचाच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून साध्या फायबरलाच अॅम्प्लिफायर करता येते. ठाण्यावरून उलट दिशेने १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा जोरदार लेसर सोडला, की येणारा उजेड केबलमध्येच, ठाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच बळ धरू लागतो. जिथे मधे ठाणे उभारायला जागा किंवा वीज नाही अशा लांब टप्प्यांवर रामन अॅम्प्लिफायर लावतात.

पण अर्बियम ओरखडे काढत नाही. उलट थोडे वाढवतो. चेतवलेले काही अणू येणाऱ्या उजेडाची वाट न बघता आपणहून कण सोडून देतात, त्यांचाही शंभरपट गुणाकार होतो आणि संकेतात गोंगाट मिसळतो. हा दोष कारागिरीचा नाही. संकेत भरपूर वाढवणारा असा कोणताही अॅम्प्लिफायर गोंगाटाचे प्रमाण निदान दुपटीने बिघडवतो, ही क्वांटम भौतिकाने घातलेली मर्यादा आहे. ऐंशी-ऐंशी किलोमीटरवर अॅम्प्लिफायर ठेवत गेलो तर मुंबई-दिल्लीत सतराएक होतात, आणि प्रत्येकाचा गोंगाट पुढच्याच्या डोक्यावर चढतो. म्हणून लांब मार्गांवर अनेक अॅम्प्लिफायरांनंतर कुठेतरी खरा रिजनरेटर लागतोच. संकेत उघडून वाचणारा, ठरवणारा, नव्याने लिहिणारा.

२०१० च्या आसपासपासून हा टप्पा खूप लांबला. दोन्ही टोकांना आता इतकी शक्तिशाली चिप असते की वाटेत ठिपके किती पसरले याचे गणित करून ती पसरण उलटी फिरवते. शिवाय संदेशासोबत तपासणीची अक्षरे पाठवली जातात. समुद्री केबलींसाठी ठरलेल्या एका जुन्या प्रमाणात २५५ अक्षरांच्या गटात २३९ मजकुराची आणि १६ तपासणीची. वाटेत आठ अक्षरे बिघडली तरी ती कोणती होती हे ओळखून दुरुस्त करता येतात. चुकीचे टिपलेले पुढे पाठवण्याचा तारबाबूच्या काळातला धोका इथे बऱ्याच अंशी टळला.

विजेत न उतरवता, उजेडानेच उजेड नवा करण्याचे प्रयत्नही तीस वर्षे चालू आहेत. १९९८ मध्ये मामिशेव या संशोधकाने एक सुरेख रीत मांडली. जोरदार ठिपका काचेतून जाताना स्वतःच्याच जोरामुळे आपला रंग पसरवतो, दुबळा गोंगाट तसे करू शकत नाही. मग बाजूच्या रंगाची चाळणी लावली की ठिपका आरपार जातो आणि गोंगाट अडकतो. प्रयोगशाळेत हे उत्तम चालते. रोजच्या दळणवळणात मात्र ते आले नाही, आणि नजीकच्या काळात येईल असे मला वाटत नाही. एका वेळी एका रंगावर चालणारी रीत ऐंशी रंगांच्या तंतूवर महागच पडणार, आणि आताचे संकेत एक-शून्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे झाले आहेत. चिपने ही शर्यत तूर्त जिंकली आहे.

हे सगळे शास्त्र शेवटी एखाद्या रस्त्याकडेच्या खड्ड्यात येऊन थांबते, आणि पालघर जिल्ह्यात सध्या खड्ड्यांना तोटा नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत, विरार-बोईसर पट्ट्यात तिची स्थानके होत आहेत. मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-डहाणू रेल्वेची तिसरी-चौथी मार्गिका, आणि आता वाढवण बंदराची कामे. जेसीबीचा एक दात चुकीच्या जागी पडला की केबल तुटते.

मग तुटलेले तंतू सांधणारी स्प्लायसिंगवाली मंडळी निघतात. आधी जवळच्या ठाण्यावर ओटीडीआर लावतात. हे यंत्र तंतूत उजेडाचा ठोका सोडते आणि विखुरून परत येणारा अंधुक उजेड ऐकते. जाऊन-येऊन किलोमीटरला दहा मायक्रोसेकंद या हिशेबाने तुटीची जागा सांगते. पडद्यावरचा आकडा केबलच्या लांबीचा असतो, रस्त्याचा नव्हे. प्रत्येक चेंबरमध्ये दुरुस्तीसाठी ठेवलेले लूप त्यात धरलेले असतात, त्यामुळे जुना नकाशा आणि जुना जाणकार दोघेही लागतात. जागा सापडली की चिखल उपसून दोन्ही टोके वर घेतात, आतल्या नळीतली जेली पुसतात आणि तंतू रंगांवरून लावून घेतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा. वरचे आवरण सोलल्यावर उरते ती सव्वाशे मायक्रॉन जाडीची काच, आणि उजेड धावतो तो गाभा तिच्या मध्यभागी अवघा नऊ मायक्रॉनचा. अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरने काटकोनात तोडून दोन टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवतात. पडद्यावर ती दोन जाड दांड्यांसारखी दिसतात. मशीन त्यांना सरळ रेषेत आणते, विजेची ठिणगी पडते, काच वितळते आणि सांधली जाते. पडद्यावर नुकसानीचा अंदाज उमटतो. ०.०२ आला तर पुढचा तंतू, ०.१५ आला तर तोडून पुन्हा. पावसात डोक्यावर ताडपत्री धरून, बॅटरीच्या उजेडात अठ्ठेचाळीस किंवा शहाण्णव वेळा हेच. अॅम्प्लिफायरला किती मेहनत पडणार हे या सांध्यांवर ठरते. दूरसंचाराच्या गौरवगाथेत या माणसांना जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

ओटीडीआर ज्या विखुरलेल्या उजेडावर चालते, त्याच उजेडावरून जमिनीचे हादरेही ऐकता येतात. २०१८ मध्ये आइसलँडमध्ये पंधरा किलोमीटरच्या टेलिफोन केबलचा असा वापर झाल्याचे संशोधकांनी प्रसिद्ध केले. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली, धुंदलवाडी परिसरातल्या लोकांनी रात्री उघड्यावर काढल्या. इथे फायबर जमिनीत आधीच पडलेले आहे. त्यातला एखादा रिकामा तंतू भूकंपशास्त्रज्ञांना वापरू द्यावा, ही मागणी जिल्ह्याने आवर्जून करावी.

तंतूही फार दूरचे नसतात. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत काचेच्या दांड्यापासून फायबर ओढले जाते आणि तलासरीच्या पलीकडे दादरा-नगर हवेलीत राखोलीला त्याची केबल होते. आणि तरीही महामार्गाकडेच्या गावांतला, पाड्यांवरचा माणूस नेटवर्कसाठी टेकडीवर चढतो. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. पंचायतीपर्यंत एकच सरळ रेघ टाकली, आणि ती मधे तुटली की पुढचे सगळे अंधारात, हा तिचा मोठा दोष. २०२३ च्या सुधारित योजनेत म्हणूनच वर्तुळाकार जोडणी आली: एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने चालू. दिल्लीपर्यंत उजेड नेणाऱ्या मार्गांवर जी काळजी घेतली जाते, ती आपल्या पंचायतीच्या तंतूलाही मिळाली पाहिजे. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला कोणताही तांत्रिक अभ्यास लागत नाही: पंचायतीतल्या फायबरच्या पेटीला वीज आहे का, बॅटरी चालते का, आणि केबल तुटली तर किती दिवसांत जोडतात?

खोदाईमुळे देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटते आणि तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे दूरसंचार विभागाचेच म्हणणे आहे. ते टाळण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू झाले. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची, त्या जागेखाली कोणाची केबल किंवा वाहिनी आहे त्या मालकाला तत्काळ कळते. तेव्हा तुमच्या आळीत, वाडीत किंवा पाड्यावर जेसीबी उतरला, तर ठेकेदाराला आधी एवढेच विचारा, अॅपवर नोंद केली आहे का. केली नसेल तर ती होईपर्यंत खोदू देऊ नका.